ज्याचा त्याचा परस

माझे बाबा विहिरी खोदायचे. दुसऱ्यांच्या. आमची स्वतःची विहीर नव्हती, कारण विहिरीला आधी जमीन लागते.

नांदेड जिल्ह्यात, इस्लापूरपासून आत आमचं गाव. सुगी सरली की बाबांची टोळी बाहेर पडायची. सहा-सात माणसं, त्यांच्या बायका, पहारी, घण, घमेली आणि दगड वर ओढायचं ते लोखंडी यंत्र, त्याला यारी म्हणतात. बाबा खाली, माय वर. बाबा दगड भरून द्यायचे, यारी वर यायची, माय ती रिकामी करायची. एकदा सुरुंगाचा दगड उडून मायच्या पायावर आला. तेव्हापासून ती डावा पाय ओढत चालते. मोठ्या बहिणीची शाळा चौथीला सुटली, कारण मला सांभाळायला कोणीतरी पाहिजे होतं. म्हणजे माझ्या शिक्षणातला पहिला खर्च तिच्या शाळेचा झाला. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. तिनंही नाही.

दुष्काळ पडला की आम्हाला काम. लोकांच्या विहिरी आटायच्या, मग त्या अजून खोल घ्यायच्या. गाव उपाशी असायचं तेव्हा आमची चूल पेटलेली असायची. मग बोरच्या गाड्या आल्या. आमच्या टोळीचं चार महिन्यांचं काम ती गाडी एका दिवसात करायची. टोळी फुटली. बाबा ऊस तोडायला गेले, विटा पाडायला गेले, काही दिवस घरीच बसून राहिले. त्या वर्षी आम्ही दोन्ही वेळा ज्वारीच्या कण्या खाल्ल्या. चव मला अजून सांगता येते.

खोली मोजायचं बाबांचं माप परस. उभ्या माणसानं दोन्ही हात डोक्यावर ताणले की पायापासून बोटापर्यंत जेवढं होतं तेवढा एक परस. बाबा भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, हात वर करायचे आणि बोट टेकेल तिथं गेरूची रेघ मारायचे. मला वाटायचं, परस म्हणजे बाबाच.

पाणी लागलं की मालक नारळ फोडायचा, टोळीला जेवण द्यायचा. त्यानंतर आम्ही त्या विहिरीच्या काठाला जायचं नाही. असं कोणी तोंडानं म्हणायचं नाही. मायच सांगायची, "काम झालं, आता ते त्यायचं पाणी हाय. मागून घेवावं, लांबून घेवावं." मी लांबून घ्यायची. ते मी इतक्या लहानपणी शिकले की शिकल्याचं आठवत नाही.

बी.एस्सी.ला नांदेडला होते. भूशास्त्र घेतलं, कारण त्या विषयाला जागा रिकाम्या होत्या. बाबांना सांगितलं, दगडाचा अभ्यास आहे.

"त्याले कॉलेज काहून लागते? मी सांगतो की," बाबा म्हणाले.

पदवी झाली. आमच्या घरातली पहिली. पुढं एम.एस्सी.ला सरकारी विद्यापीठात नंबर लागला नाही. लातूरजवळच्या एका खाजगी विद्यापीठात जागा होती, समाजकल्याणच्या शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळत होता. गेले.

खाजगी विद्यापीठ म्हणजे काय हे मला पहिल्या दिवशी गेटवर कळलं. रखवालदारानं विचारलं, "कोणाला भेटायचंय?"

"कोणालाच नाही. शिकायचंय."

"मग आयकार्ड घाल गळ्यात. आयकार्ड नसलं की पाव्हणे समजतो आम्ही."

माळावर काचेची इमारत. तिच्यापुढं हिरवं लॉन. सोमवारी कोट घालून यायचं, त्याला ब्लेझर म्हणायचं. बेचाळीस डिग्रीत आम्ही ब्लेझर घालून वर्गात बसायचो आणि एसी बंद पडला की एकमेकींकडं बघायचो. पालकांची मीटिंग असायची. माझ्याकडून कोणी आलं नाही. ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, "फादर काय करतात?" मी म्हणाले, "विहिरी खोदायचे." त्यांनी रकान्यात 'कॉन्ट्रॅक्टर' लिहिलं. मी दुरुस्त करायला लावलं. "मजूर लिहा," म्हणाले. त्या म्हणाल्या, "अगं, तसं चांगलं दिसतं." मी म्हणाले, "दिसू द्या. खरं मजूर हाय."

असं मी तिथं बोलू शकत होते. काउंटरवर, वर्गात, कोणापुढंही. म्हणून पुढं जे झालं ते मलाच कळायला वेळ लागला.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय मिळाला. निलंगा तालुक्यातल्या एका ओढ्याच्या खोऱ्यातल्या उघड्या विहिरी, त्यांची पाणीपातळी आणि त्यावरून भूजलाचा नकाशा. मार्गदर्शक मॅडम पुण्याकडच्या. कमी बोलायच्या, पण ऐकायच्या पूर्ण. त्यांनी मला स्टोअरमधून तीस मीटरचा पोलादी टेप दिला आणि पद्धत सांगितली. टेपच्या टोकाला खडू घासायचा, काठावरून टेप खाली सोडायचा, वर ओढायचा. खडू जिथवर ओला झाला तिथवर पाणी. कोरडी असली तर तळ मोजायचा. एक्केचाळीस विहिरी. मे अखेर प्रबंध द्यायचा. नाही दिला तर वर्ष गेलं, आणि शिष्यवृत्तीला वाढीव वर्ष नव्हतं. म्हणजे वर्ष गेलं की शिक्षणच गेलं.

ते सलग दुसरं कोरडं वर्ष. लातूर शहरात नळाला पाणी आठवड्यानं, मग पंधरा दिवसांनी, मग नाहीच. होस्टेलवर मुलीमागं रोज एक बादली. लॉनला मात्र टँकरनं पाणी द्यायचे. आमच्या मजल्यावरची एक पोरगी म्हणायची, "पुढल्या जन्मी गवत व्हायचं, तेही खाजगी." सगळ्या हसायच्या. मीही हसायची. ती निलंग्याची. घरी शेती, स्वतःची स्कूटी, तोंड फाटकं, मन चांगलं. माझी मैत्रीण म्हणावी अशी तिथं ती एकटीच.

फेब्रुवारीत मी एसटीनं निलंग्याला उतरले आणि पहिल्या गावात चालत गेले. विहीर गावाच्या कडेला होती. काठावर तीन बाया पाणी शेंदत होत्या, लिंबाखाली एक म्हातारा बसला होता. मी पंधरा-वीस पावलांवर थांबले. पिशवीत टेप होता. मी तो काढला नाही. पाय आपोआप थांबले आणि मी म्हाताऱ्याला विचारलं, "आबा, ही विहीर किती परस हाय?"

"आठ परस. कुठली गं तू?"

"विद्यापीठातून आलेय."

"म्हंजी सरकारी." म्हातारा सरसावून बसला. "जिल्ह्याचा सर्वे हाय का? उदगीर जिल्हा व्हनार म्हनतेत. आमचं नाव उदगीरात टाकनार का लातुरात ठिवनार?"

"जिल्ह्याचं नाही आबा, पाण्याचं आहे."

"मग असं कर. पानी कुन्या जिल्ह्यात येतंय ते बग आन् तिकडं आमचं नाव टाक."

बाया हसल्या. एक म्हणाली, "आबाला कुन्याबी जिल्ह्यात टाका, पर सासुरवाडीच्या जिल्ह्यात नगा टाकू." म्हातारा म्हणाला, "गप, माझी सासू मेली कवाच." मी वहीत लिहिलं: आठ परस, पाणी तळाशी एक परस. आणि पुढच्या विहिरीकडं निघाले.

एक्केचाळीस विहिरी मी नऊ दिवसांत केल्या. सगळ्या विचारून. कुठं म्हाताऱ्याला, कुठं बाईला, कुठं शेतात मोटार दुरुस्त करणाऱ्याला. लोक परसात सांगायचे, मी परसाचे मीटर करायची. बाबांच्या परसानं. मला एकदाही वाटलं नाही की मी काही चुकतेय. उलट मी स्वतःवर खूश होते. वर्गातली बाकीची पोरं अजून गाडीची वाट बघत होती आणि माझी वही भरली होती.

मार्चमध्ये मी नकाशा काढला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. समपातळी रेषा, बाण, रंग, सगळं. मॅडमनी चष्मा वर केला, खाली केला.

"हा उतार कुठल्या दिशेला आहे?"

"दक्षिणेला, मॅडम. ओढा दक्षिणेला जातो."

"आणि तुझं पाणी?"

मी बघितलं. माझे बाण उत्तरेला होते.

"तुझ्या नकाशात पाणी चढावर चाललंय," मॅडम म्हणाल्या. "दुष्काळ आहे मान्य, पण इतका नाही."

मग त्यांनी वही मागितली. वहीत प्रत्येक ओळीत परस. त्यांनी विचारलं, परस म्हणजे किती? मी सांगितलं, उभ्या माणसाचे हात वर. त्या म्हणाल्या, "कुठल्या माणसाचे?"

 बाबा बुटके आहेत. हे मला तोवर कधी लक्षात आलं नव्हतं.

"आणि या तीन गावांत पाणी एवढं वर कसं? शेजारच्या गावात कोरडं, इथं काठोकाठ?"

ती तीन गावं मला आठवली. तिथं मी नव्या जिल्ह्याच्या सर्व्हेची आहे असंच सगळे धरून चालले होते. एक माणूस तर म्हणाला होता, "भरपूर पानी हाय लिव्हा. पानी न्हाई म्हनलं तर कचेऱ्या दुसरीकडं जातेत." मी लिहिलं होतं. आणि वरच्या बाजूच्या गावांना वाटलं होतं, ही टँकरची बाई आहे. त्यांनी सांगितलं होतं, थेंब नाही. मी तेही लिहिलं होतं. होणार का नाही ते ठाऊक नसलेला जिल्हा, न आलेले टँकर, एक्केचाळीस माणसांचे परस आणि माझ्या बापाची उंची, या सगळ्याचा मी नकाशा काढला होता.

"टेप दिला होता ना तुला?"

मी म्हणाले, "तुटला, मॅडम."

टेप होस्टेलवर होता. त्याचं प्लास्टिकसुद्धा मी काढलं नव्हतं. हे खोटं मी का बोलले? कारण खरं काय होतं ते मला सांगता येत नव्हतं. मॅडमना वाटलं असतं आळस. आळस म्हणजे त्यातल्या त्यात चांगलं कारण होतं.

"बोलायचंस ना मग," त्या म्हणाल्या आणि स्टोअरला चिठ्ठी दिली. मला दुसरा टेप मिळाला. "सगळ्या विहिरी परत. नाहीतर मी सही करणार नाही. वेळ तुझ्याकडं कमी आहे, तो तू स्वतः कमी केलास."

मी दोन नवेकोरे टेप घेऊन खोलीवर आले. रडू आलं नाही. राग आला नाही. भूक लागली होती, मेसमध्ये जाऊन जेवले.

त्याच आठवड्यात नोटीस लागली. पाण्याअभावी होस्टेल रिकामं करा, वर्ग बंद, प्रबंधाच्या तारखा आहेत त्याच. मुली ट्रंका घेऊन गेटवर उभ्या. कोणाला न्यायला चारचाकी आली, कोणाला मोटारसायकल. मी नांदेडची एसटी धरून घरी गेले, कारण जायला दुसरी जागा नव्हती.

बाबा दारात बसले होते. मी सगळं सांगितलं. बाबांना प्रबंध म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण विहीर कळत होती. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "इचारून खोली लिहिली काय तू?"

"हाव."

"येडी झाली काय? मालकाच्या तोंडानं खोली कोण धरते? मालक आपल्याले सात सांगते, दुसऱ्याले नऊ सांगते. आमी दोरी सोडल्याबिगर कधी हो म्हणलं न्हाई. दोरीले दगड बांधून सोडावं लागते. एवढं तं तुया मायलेबी येते."

"आनी परस तुमचा धरला, बाबा."

बाबांनी माझ्याकडं बघितलं आणि हसायला लागले. "माहा? अरे, टोळीत सगळे मले हसत. म्हनत, याचा परस लहान, मालकाले फायदा." मग हसू थांबलं. "टेप होता म्हनतेस, मग सोडला काहून न्हाई?"

मी म्हणाले, "काठावर गेले न्हाई."

माय चुलीपाशी होती. तिनं वळून बघितलं नाही. तिच्या हातातली भाकर तव्यावर पडायची थांबली, एवढंच. बाबा म्हणाले, "कोनी हाकललं काय?"

"न्हाई. कोनीच काही म्हनलं न्हाई."

"मी तं जलमभर आतमंदी उतरून राहिलो," बाबा म्हणाले. "तुले वरून सोडाया काय झालं?"

याचं उत्तर मायकडं होतं. तिनं भाकर तव्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला. "घरी बसून काय करतीस? मरायचं का? निलंग्याला ये. आमच्या घरी ऱ्हा. स्कूटी हाय, मी हाय, ऊन हाय. विहिरी पळून नाही जाणार."

मी गेले. तिचं घर मोठं, अंगण शेणानं सारवलेलं, मागं जनावरं. मी रोज वाट बघायची की तिची आई माझं आडनाव विचारेल. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. जेवताना मी ताट स्वतःच घासायला घ्यायची, त्या हातातून काढून घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, आता.

"तुजे वडील विहिरी खोदायचे म्हनं," त्या म्हणाल्या.

"हो, काकू."

"मग उद्या आमची मळ्यातली बग जरा. हे म्हनतेत अजून दोन परस खोल घ्यावी. मी म्हनते खाली काळा पत्थर लागलाय, उगं पैसे मातीत घालू नगा."

मी दुसऱ्या दिवशी त्यांची विहीर बघितली. खाली खरंच काळा कठीण कातळ होता, भेग नव्हती. सांगितलं, घेऊ नका. त्यांनी घेतली नाही. आडनाव शेवटपर्यंत विचारलं नाही. त्यांना ते आधीच ठाऊक होतं का, हे मला अजून माहीत नाही.

पहिली विहीर तीच, आबाच्या गावची. आबा नव्हता. स्कूटी लांब लावली आणि मी चालत निघाले. पंधरा-वीस पावलांवर पाय थांबले. मैत्रीण पुढं निघून गेली होती, ती वळून म्हणाली, "काय, काटा मोडला का?"

मी म्हणाले, "नाही." आणि पुढं गेले. काठाला पोचले तेवढ्यात पाणी शेंदणारी एक बाई ओरडली, "ए पोरी! खाली हो, खाली!"

मी तिथंच गोठले. हातातला टेप हातात. म्हणजे झालं, असं मनात आलं, दुसरं काही आलं नाही.

"चप्पल काढ आधी," बाई म्हणाली. "पान्यावर चपला घालून चढतेत का? दोघीबी काढा. कालिजात हेच शिकवतेत का?"

मैत्रीण म्हणाली, "मावशे, दम दे की, काढतो." आम्ही चपला काढल्या. दगड तापलेला होता, पाय भाजत होते. मी टेपला खडू घासला आणि सोडला. टेप खाली जाताना कातळाला लागून वाजतो. लांब गेलेला तो आवाज बारीक होत जातो. तळाला टेकला तसा हाताला सैल लागला. वर ओढला, खडू एक वीत ओला होता. मी आकडा मोठ्यानं वाचला, मैत्रिणीनं लिहिला. मग बाईनं वाकून विचारलं, "किती हाय?"

"अकरा मीटर वीस."

"परसात सांग की."

"परसात नाही सांगता येत, मावशी."

"मग कशाचं शिक्षान तुझं," बाई म्हणाली आणि पोहरा खाली सोडला.

रोज तीन-चार विहिरी व्हायच्या. तळपायांना फोड आले, मैत्रीण जुने मोजे देऊ लागली, मोजे चालतात का ते आम्ही प्रत्येक विहिरीवर विचारायचो. कुठं चालायचे, कुठं नाही. कोणी चहा दिला. एका गावात पाणी नाही म्हणून दूधच दिलं. नव्या जिल्ह्याचा सर्व्हे आम्हाला शेवटपर्यंत चिकटून होता. मैत्रीण थकली की सांगून टाकायची, "हो काका, तुमचंच गाव जिल्हा होणार, आता टेप धरू द्या." मी तिला म्हणायची, खोटं सांगू नको. ती म्हणायची, "मंत्री सांगतेत, मी सांगितलं तर काय झालं?"

सत्ताविसावी विहीर एका बागायतदाराच्या मळ्यात होती. मालक घरीच होते, सोज्वळ माणूस, आम्हाला खुर्च्या दिल्या. कागद बघितला, विद्यापीठाचं नाव वाचलं. मग मैत्रिणीला विचारलं, "कुणाच्या तुम्ही?" तिनं सांगितलं. त्यांची ओळख निघाली, तिच्या आजोबांना ते ओळखत होते. मग माझ्याकडं बघून विचारलं, "आणि ह्या?"

मी गाव सांगितलं. ते म्हणाले, "आडनाव?" मी आडनाव सांगितलं.

"बरं, बरं." ते उठले. "असं करा, तुम्ही इथंच सावलीत बसा. टेप आमच्या सालगड्याकडं द्या, तो मोजून आणतो. उन्हात कशाला जाता."

मैत्रीण म्हणाली, "काका, आम्ही सव्वीस विहिरी उन्हातच मोजल्यात."

"तसं नाही गं, घरची विहीर आहे. देवाला पाणी जातं."

मैत्रीण लाल झाली. ती काहीतरी बोलणार होती. मी तिच्या हाताला धरलं आणि उभी राहिले. वही काढली आणि त्यांच्यासमोर त्या रकान्यात लिहिलं: मोजू दिले नाही. त्यांनी वाकून वाचलं. "असं कसं लिहिता? मोजून देतो म्हणतोय ना मी?"

"दुसऱ्यानं सांगितलेला आकडा मी आता लिहीत नाही," मी म्हणाले.

स्कूटीवर मैत्रीण सगळा रस्ता त्यांना शिव्या देत होती. मी मागं बसून अठ्ठाविसावी विहीर कुठल्या फाट्यावर आहे ते नकाशात बघत होते. मला ती जागा सापडत नव्हती, तेवढीच काळजी होती.

चाळीस विहिरी झाल्या. नकाशा परत काढला. पाणी दक्षिणेला गेलं. मॅडमनी पूर्ण बघितला आणि सत्ताविसाव्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे काय? 'पोहोचता आले नाही' असं लिही. परीक्षक प्रश्न विचारतील, तुलाच अवघड जाईल."

"पोहोचले होते, मॅडम. खुर्चीवर बसले होते."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पहिला टेप तुटला नव्हता, हेही सांगितलं. दोन्ही टेप त्यांच्या टेबलावर ठेवले. एकावर खडू आणि चिखल, दुसरा प्लास्टिकमध्ये. मॅडमनी प्लास्टिकमधला हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि खाली ठेवला. "हे तू मार्चमध्ये सांगितलं असतंस तर?"

"काठावर का गेले नाही ते मार्चमध्ये मलाच ठाऊक नव्हतं."

त्यांनी रकाना तसाच ठेवला. मे अखेरीच्या एक दिवस आधी प्रबंध गेला.

तोंडी परीक्षा जूनमध्ये झाली. वसतिगृह अजून बंद होतं, मी पहाटेच्या एसटीनं थेट आले, ब्लेझर पिशवीत. बाहेरचे परीक्षक वयस्क, आवाज मोठा. अर्धा तास कातळाचं, भेगांचं, पाझराचं विचारलं. मग तक्त्यावर आले.

"सत्तावीस क्रमांक. मोजू दिले नाही. कोणी?"

"मालकांनी, सर."

"कारण?"

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, "मी बौद्ध आहे, सर. त्यांनी आडनाव विचारलं आणि टेप सालगड्याकडं द्यायला सांगितला. मी दिला नाही. मी आधी एकदा एक्केचाळीस विहिरी विचारून लिहिल्या होत्या, त्या सगळ्या चुकल्या होत्या."

 परीक्षकांनी पेन टेबलावर ठेवलं, परत उचललं.

"मग त्या विहिरीजवळून जाणारी रेषा कशी काढलीस?"

"तुटक, सर. जिथं मोजमाप नाही तिथं रेषा तुटक काढायची असते."

"बरोबर," ते म्हणाले. पान उलटलं आणि पुढच्या आकृतीबद्दल विचारायला लागले.

निकाल जुलैत लागला. मी भूशास्त्रात एम.एस्सी. झाले, प्रथम श्रेणीत. आमच्या घरातून, आमच्या वस्तीतून आणि माझ्या माहितीप्रमाणे आमच्या गावातूनही ही पदवी घेणारी मी पहिली.